भंगाराचा भाव आणि कचऱ्याचा हिशेब

तुमच्या घरातून एका आठवड्यात काय काय टाकून दिले जाते, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? दुधाच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रे, वहीची फाटलेली पाने, औषधाची बाटली, तेलाचा डबा, वेफर्सची पाकिटे, कांद्याची साले, चहाचा चोथा. यांपैकी काही वस्तू आपण भंगारवाल्याला विकतो. काही वस्तू मात्र फुकट दिल्या तरी तो घेत नाही. असे का बरे होत असेल?

'टाकाऊपासून टिकाऊ' हे शब्द तुम्ही वाचले असतील. जुनी वस्तू वितळवून किंवा कुजवून तिच्यापासून नवी वस्तू बनवणे, याला पुनर्चक्रीकरण म्हणतात. शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा आहे. चक्र म्हणजे चाक. वस्तू वापरली, परत कारखान्यात गेली, नवी होऊन पुन्हा घरी आली. चाक फिरत राहिले. मात्र हे चाक प्रत्येक वस्तूसाठी सारखे फिरत नाही. काही वस्तूंसाठी ते सहज फिरते, काहींसाठी कुरकुरत फिरते आणि काहींसाठी मुळीच फिरत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूचा हिशेब वेगळा करावा लागतो. (हिशेब म्हणजे तुमच्या उर्दूतला हिसाबच!)

या हिशेबाला दोन बाजू आहेत. जुनी वस्तू पुन्हा वापरल्यामुळे काय वाचले? खाणीतली माती वाचली, वीज वाचली, पाणी वाचले, झाडे वाचली, कचरा टाकायची जागा वाचली. ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची बाजू पाहा. ती वस्तू गोळा करावी लागते, वेगळी काढावी लागते, वाहून न्यावी लागते, धुवावी लागते, वितळवावी लागते. जमा खर्चापेक्षा जास्त असेल तरच खटाटोप कामाचा.

पहिला धडा भंगारवाल्याकडूनच घ्या. त्याच्याकडचे भाव विचारा. भाव रोज बदलतात, पण त्यांचा क्रम सहसा बदलत नाही. तांबे सर्वांत महाग. त्याखाली पितळ, मग ॲल्युमिनिअम. लोखंड त्यांच्या बरेच खाली. रद्दी लोखंडाच्याही खाली. आणि फुटलेली काच पुष्कळ जण घेतच नाहीत. हा क्रम कोणी उगाच ठरवलेला नाही. ज्या वस्तूपासून पुन्हा नवी वस्तू बनवताना कारखान्याची जास्त बचत होते, तिला जास्त भाव मिळतो. भावात निम्मे खरे कळते. उरलेले निम्मे आपण शोधू.

आधी ॲल्युमिनिअम घेऊ. अनेक घरांत याच्या भांड्यांना 'जर्मन'ची भांडी म्हणतात. ॲल्युमिनिअम बॉक्साइट नावाच्या दगडापासून मिळते. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांत बॉक्साइट सापडते. एक किलो ॲल्युमिनिअमसाठी सुमारे चार किलो बॉक्साइट खणावे लागते. ते शुद्ध करताना तांबडा चिखल उरतो. हा चिखल शेतीच्या उपयोगाचा नसतो. तो साठवायला मोठमोठी तळी बांधावी लागतात. शुद्ध केलेल्या पांढऱ्या भुकटीतून विजेच्या साहाय्याने धातू वेगळा करतात. या शेवटच्या कामालाच एका किलोमागे १४ ते १५ युनिट वीज लागते. तुमच्या खोलीत नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास लावला, तर १४ युनिट वीज त्याला साडेआठ महिने पुरेल! आता जुने पातेले वितळवले तर? ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पातेले वितळवून नवा धातू करायला बॉक्साइटपासून करण्याच्या मानाने फक्त पाच टक्के ऊर्जा लागते. म्हणजे शंभर रुपयांचे काम पाच रुपयांत. शिवाय हा धातू कितीही वेळा वितळवला तरी त्याचा गुण जात नाही. इथे वाद घालायला जागाच नाही. पोचा आलेले पातेले, शीतपेयाचा पातळ डबा, खिडकीची जुनी पट्टी, काहीही कचऱ्यात टाकू नका.

लोखंडाचेही असेच आहे. त्याला आणखी एक सोय निसर्गाने दिली आहे. ते चुंबकाला चिकटते, म्हणून कचऱ्याच्या ढिगातून ते सहज वेगळे करता येते. जालना शहरात लोखंडाचे भंगार विजेच्या भट्टीत वितळवून घरबांधणीच्या सळया बनवणारे अनेक कारखाने आहेत. तुमच्या गल्लीतली मोडकी सायकल उद्या एखाद्या इमारतीच्या खांबात उभी असेल. तांब्याबद्दल जास्त सांगायला नको. त्याचा भावच सगळे सांगतो. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तांबे काढण्यासाठी काही जण विजेच्या वायरी जाळतात. वायरीवरचे प्लॅस्टिक जळताना फार विषारी धूर निघतो. वायर सोलून तांबे काढायला वेळ लागतो, पण त्यात कोणाची छाती जळत नाही.

आता रद्दी. हा शब्दही तुमच्या ओळखीचा आहे. कागद कारखान्यात गेला की मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळतात. त्याचा लगदा होतो. लगदा गाळतात, शाई काढतात, मग रुळांमधून दाबून आणि वाळवून नवा कागद करतात. झाड तोडून त्याचा लगदा करण्यापेक्षा यात पाणी आणि ऊर्जा पुष्कळ कमी लागते. पण कागद म्हणजे धातू नव्हे. कागद बारीक बारीक तंतूंचा बनलेला असतो. वहीचे पान हळूच फाडून कडेला पाहा, ते तंतू दिसतील. प्रत्येक फेरीत हे तंतू थोडे तुटतात, आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांत दम राहत नाही. म्हणून पांढऱ्या वहीचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचा अंड्यांचा ट्रे होतो आणि तिथे त्याचा प्रवास संपत येतो.

कागदाचा खरा शत्रू कोण? तेल आणि ओल. भज्यांचे तेल शोषलेला कागद लगद्यात घातला तर नव्या कागदावर डाग पडतात. आमटी सांडलेले वर्तमानपत्र दोन दिवसांत कुजते. सकाळी ज्या कागदाला भाव होता, तोच कागद खरकट्याच्या डब्यात पडला की संध्याकाळी त्याची किंमत शून्य होते. कागदात बदल झाला तो आपल्या घरात, कारखान्यात नव्हे. चहाचा कागदी कपही फसवा असतो. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो रद्दीत चालत नाही. आणि जुन्या वर्तमानपत्रात वडापाव बांधून घेण्याची सवय? ती काटकसर नव्हे. छपाईची शाई पोटात जाते. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली याविरुद्ध सूचना काढली होती.

काचेचे कोडे फार मजेदार आहे. काच वितळवली की पुन्हा काचच होते, अगदी पहिल्यासारखी. तिचा गुण कधीच कमी होत नाही. मग तिला भाव का नाही? कारण काच वाळूपासून बनते. वाळू, सोडा आणि चुनखडी काही ॲल्युमिनिअमसारखी महाग नसतात. शिवाय जुनी काच वितळवायलाही भट्टी खूप तापवावीच लागते. कच्च्या मालात दहा टक्के जुनी काच घातली तर ऊर्जेची बचत जेमतेम अडीच-तीन टक्के होते. निम्मी जुनी काच घातली तरी बचत पंधरा टक्क्यांच्या आत. त्यातच काच जड, फुटणारी, हात कापणारी. हिरवी, तपकिरी आणि पांढरी काच वेगळी ठेवावी लागते. आरसा, बल्ब आणि खिडकीचे तावदान बाटलीच्या काचेत चालत नाही. दूरच्या कारखान्यापर्यंत ती नेण्यात निम्मा फायदा गाडीच्या डिझेलमध्ये जळून जातो. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद या बांगड्यांच्या गावी मात्र तुटक्या काचेला किंमत आहे. तिथे तिच्या रंगीत बांगड्या होतात.

तर मग काचेच्या बाटलीचे करायचे काय? ती फोडू नका. बाटली धुऊन पुन्हा भरली तर भट्टीच पेटवावी लागत नाही. सोडावाला, थंड पेयांचे दुकानदार पूर्वी रिकामी बाटली परत घेतल्याशिवाय जाऊ देत नसत. आपल्याला तो कंजूषपणा वाटे, पण हिशेब त्यांच्याच बाजूचा होता. मुरंब्याची बरणी मसाल्याला वापरणारी तुमची अम्मी काचेच्या बाबतीत कोणत्याही भट्टीपेक्षा जास्त बचत करते.

सर्वांत अवघड प्रश्न प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिक हे एका पदार्थाचे नाव नाही. ते एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. या कुटुंबातील भावंडांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. बाटलीच्या किंवा डब्याच्या तळाशी पाहा. बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा दिसेल. तो आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो. पाण्याच्या बाटलीवर १ असतो, शाम्पूच्या जाड बाटलीवर बहुधा २, जेवणाच्या डब्यावर बहुधा ५. पुष्कळ लोकांना वाटते की त्रिकोण असला म्हणजे वस्तू पुन्हा वापरात येणारच. तसे नाही. आकडा फक्त नाव सांगतो, नशीब नाही.

एक सोपा प्रयोग करा. पाण्याची प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या. तिचे झाकण काढा आणि बाटलीचा एक छोटा तुकडा मोठ्या माणसाकडून कापून घ्या. दोन्ही पाण्याच्या बादलीत बुडवून, हवेचे बुडबुडे निघून गेले की सोडा. झाकण वर येते आणि तुकडा तळाशी जातो. एकाच बाटलीचे दोन भाग, पण प्लॅस्टिक दोन जातींचे! कारखान्यांत प्लॅस्टिक वेगळे करण्यासाठी हीच युक्ती वापरतात. मुंबईतील धारावीत अनुभवी कामगार तर नुसते वाकवून, नखाने खरवडून किंवा आवाज ऐकून जात ओळखतात. चूक झाली तर सगळा माल बिघडतो, कारण वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या उष्णतेला वितळतात. काही जाती तर वितळतच नाहीत. प्रेशर कुकरची काळी मूठ तापवली तर करपते, पण पातळ होत नाही. म्हणून भंगारवाला ती बाजूला फेकतो.

वेगळे केलेले प्लॅस्टिक कापतात, धुतात, वाळवतात आणि वितळवून त्याचे बारीक दाणे करतात. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव यंत्रमागासाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्हांला माहीत असेल. तिथे जुन्या प्लॅस्टिकपासून पाइप बनवण्याचा धंदाही मोठा आहे. पाण्याच्या बाटल्यांचे धागे काढतात, त्यांची उशी भरतात, कापड विणतात. काम मोलाचे आहे. पण इथेही कागदासारखेच होते. प्रत्येक वेळी वितळवताना प्लॅस्टिक थोडे कमजोर होते. बादलीची पुन्हा तशीच बादली होत नाही. तिची हलक्या प्रतीची वस्तू होते, आणि तिच्यापासून आणखी हलकी. शिवाय वितळवताना निघणारा वास आणि धूर कामगारांच्या श्वासात जातो. धुतलेले घाण पाणी गटारात जाते. भंगाराच्या भावात हा खर्च कोणी धरत नाही.

आता पातळ पिशव्या आणि चकचकीत पाकिटे. पाच ग्रॅमची एक पिशवी धरली, तर एक किलोसाठी दोनशे पिशव्या वेचाव्या लागतील. त्याही चिखलाने माखलेल्या. त्यापेक्षा वेचणारी बाई चार बाटल्या उचलेल. यात तिचे काय चुकले? वेफर्सच्या पाकिटाची गोष्ट तर आणखी वाईट. त्यात प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि त्यांवर ॲल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर असतो. हे थर पुन्हा वेगळे करणे परवडत नाही. गोळा झालीच तर अशी पाकिटे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळतात. तेही नाही झाले, तर नाल्यात जातात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत महापूर आला. अफाट पाऊस हे त्याचे मुख्य कारण होते, पण तुंबलेल्या नाल्यांनी संकट वाढवले आणि नाले तुंबवणाऱ्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अशा अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. माझे मत विचाराल तर पातळ पिशवीचे पुनर्चक्रीकरण करत बसण्यापेक्षा ती घरी न आणणे सोपे. कापडी पिशवी खिशात मावते.

जुने कपडे, मोबाइल, बॅटऱ्या यांचे थोडक्यात सांगतो. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण तुम्ही पाहिली असेल; कापड पुन्हा कोणाच्या तरी अंगावर जाते, हे उत्तमच. जुन्या मोबाइलमध्ये तांबे असते आणि अगदी थोडे सोनेही असते, पण ते घरी उकलू नका. गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे असते. इथे शब्दांची गंमत लक्षात ठेवा. उर्दूत आपण ज्याला शीशा म्हणतो, ती मराठीत काच. आणि मराठीतले शिसे म्हणजे उर्दूतला सीसा हा धातू. शिसे वितळवून पुन्हा वापरता येते, पण त्याची वाफ आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला फार घातक आहे. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदारालाच द्यावी.

एवढा वेळ आपण सुक्या कचऱ्याबद्दल बोललो. पण घराच्या डब्यातला साधारण निम्मा कचरा ओला असतो. साले, देठ, शिळे अन्न, चहाचा चोथा. भंगारवाला याला हातही लावत नाही. इथेच त्याच्या भावाचा क्रम आपल्याला फसवतो. ज्याला शून्य भाव, तोच कचरा वेगळा ठेवण्यात सर्वांत मोठा फायदा आहे.

मुंबईत गोवंडीजवळ देवनार येथे १९२७ सालापासून शहराचा कचरा टाकला गेला. पाहता पाहता तिथे कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. डोंगराच्या पोटात दाबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. हवेशिवाय तो कुजला की मिथेन वायू तयार होतो. मिथेन जळतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली आणि कित्येक दिवस ती पुरती विझेना. पायथ्याशी राहणाऱ्या वस्त्यांतील मुले तो धूर घेत शाळेत जात होती. त्या डोंगरात काही परदेशातून आलेला कचरा नव्हता. घराघरांतील भात, भाजी, साले आणि त्यांना चिकटलेले कागद-प्लॅस्टिक होते.

हाच ओला कचरा हवा लागू देऊन कुजवला तर मिथेनऐवजी खत होते. तळाला भोके पाडलेली जुनी कुंडी घ्या. तिच्यात सुकी पाने घाला, त्यावर साले आणि चोथा, पुन्हा सुकी पाने. अधूनमधून ढवळा. दोन-तीन महिन्यांत काळे, मोकळे, मातीचा वास येणारे खत मिळते. मटणाची हाडे आणि तेलकट रस्सा मात्र त्यात घालू नका. वास सुटतो, उंदीर येतात. जागा नसेल तर निदान ओला कचरा वेगळ्या डब्यात द्या. २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांतही ओला, सुका आणि घरातील घातक कचरा घरीच वेगळा करावा, असे सांगितले गेले. ओले बाजूला गेले की सुके आपोआप स्वच्छ राहते. मग बाटली धुवायला वेगळे पाणी वाया घालवायचीही गरज नाही. भांडी धुतलेल्या पाण्यात एकदा खळबळली की पुरे.

हे सगळे वेगळे शेवटी कोणाला तरी करावेच लागते. आपण घरी केले नाही, तर दुसरे कोणी उकिरड्यावर वाकून करते. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची एक संघटना सुरू झाली. तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नावातच त्यांचा सगळा धंदा आला. पुढे २००८ साली याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलण्याचे काम सुरू केले. घराकडून मिळणारे ठरावीक पैसे आणि सुके भंगार विकून आलेले पैसे, यांवर त्यांचे घर चालते. तुमच्या डब्यातून कोरडी वर्तमानपत्रे निघाली की त्या दिवशी तिच्या हातात चार पैसे जास्त पडतात. खरकट्यात भिजलेली निघाली की ओझे तेवढेच, पैसे नाहीत.

तिच्या हातांसाठी आणखी एक काम तुम्ही करू शकता. ग्लास फुटला तर तुकडे तसेच डब्यात टाकू नका. जाड पुठ्ठ्यात किंवा चार पदरी कागदात गुंडाळा, दोरीने बांधा आणि वरून लाल खडूने मोठी फुली मारा. तिला वाचता येत असेल-नसेल, म्हणून फुली आधी. तिच्या शेजारी मराठीत लिहा – 'काच'.